पावसाळ्यातला उद्योग: तरुण प्लॅनेटरी नेब्युलातली धूळ आणि जेट इन्फ्रारेडमध्ये कसे काढायचे

जूनमध्ये एकदा जांबोटी-कणकुंबीकडून ढग चढायला लागले की बेळगावात राहा, खानापुरात राहा नाहीतर निपाणीत, सप्टेंबर संपेपर्यंत टेलिस्कोपचं कव्हर काढायचं काही काम नाही. आणि वैताग असा की वृश्चिकेचा नांगीकडचा भाग, आपलं मूळ नक्षत्र, रात्री दक्षिणेला वर येतं ते नेमकं ह्याच दिवसांत. त्या मूळ नक्षत्रातल्या शौला ताऱ्याच्या पश्चिमेला चारेक अंशांवर एनजीसी ६३०२ बसलाय, बटरफ्लाय नेब्युला म्हणतात त्याला. बेळगावच्या अक्षांशावरून तो क्षितिजाच्या वर साधारण ३७ अंश येतो, म्हणजे युरोपवाल्यांपेक्षा आपली कितीतरी चांगली सोय, पण ढगांना कोण सांगणार.

तर हा गाईड ढगातल्या दिवसांसाठी. टेलिस्कोप लागत नाही, लॅपटॉप लागतो, तोही फार भारी नको. हबल आणि जेम्स वेबचा डेटा सगळ्यांना फुकट उघडा आहे, तो उतरवायचा आणि त्यातून तरुण प्लॅनेटरी नेब्युलातली धूळ कुठली आणि जेट कुठले ते आपल्या हातानं वेगळं काढायचं. नुसता रंगीत फोटो पाहिजे असेल तर नासाच्या साईटवर तयार आहेत की, डाऊनलोड करा आणि स्टेटसला लावा. इथं आपण रंग शेवटी देणार, त्याच्या आधी एकेका फिल्टरमधला उजेड कुणाचा आहे ते ठरवणार. ही पायरी सोडून बरेच लोक डायरेक्ट लाल-हिरवा-निळा करून मोकळे होतात आणि मग ताऱ्याच्या काट्यांना जेट म्हणून सांगत सुटतात.

थोडक्यात गोष्ट अशी. सूर्यासारखा तारा, किंवा सूर्याच्या आठपट वस्तुमानापर्यंतचा धरा, म्हातारपणी फुगतो आणि अंगावरचा गॅस आणि धूळ हळूहळू सोडत राहतो. मग आतला गरम गाभा उघडा पडायला लागतो. हा गाभा साधारण २५-३० हजार केल्विनच्या वर तापला की त्याच्या अल्ट्राव्हायोलेटनं आजूबाजूचा गॅस पेटतो आणि आपल्याला प्लॅनेटरी नेब्युला दिसतो. 'तरुण' म्हणजे हे पेटणं नुकतंच सुरू झालंय किंवा अजून व्हायचंय. एग नेब्युला, म्हणजे सीआरएल २६८८, अजून पेटलेला नाही, त्याच्यातला उजेड बहुतेक धुळीवरून परावर्तित होऊन येतो. एनजीसी ७०२७ पेटलाय पण वय हजारेक वर्षांचंच, त्यामुळं बाहेर अजून जाड धूळ आणि हायड्रोजन रेणूंचं कवच शाबूत आहे. जेट सुरू होतात ते ह्याच काळात. बहुतेक वेळा जोडीदार ताऱ्याची भानगड असते, त्याच्याभोवती गॅसची चकती बनते आणि चकतीच्या दोन्ही बाजूंनी धारा सुटतात. १९९८ मध्ये सहाय आणि ट्रॉगर या खगोलशास्त्रज्ञांनी हबलचे फोटो बघून हेच मांडलं होतं की गोल कवचाला असा दोन पंखांचा आकार देणारे हे सुरुवातीचे वेगवान जेटच. म्हणून तरुण नेब्युले बघायचे, म्हातारे झाले की सगळं विरतं, पुरावा पुसला जातो.

उजेड कुणाचा?

इन्फ्रारेडमध्ये एकाच फोटोत तीन-चार वेगळे उजेड मिसळून येतात, हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की अर्धं काम झालं.

पहिला, धुळीवरून परावर्तित झालेला ताऱ्याचा उजेड. हा १ ते २ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, उजेडाच्या लहरीची लांबी त्यात मोजतात) आसपास जोरात असतो, पुढं कमी होत जातो. दुसरा, धुळीचा स्वतःचा उबदार उजेड. वीनचा नियम शाळेत केलाय, २८९८ भागिले तापमान की मायक्रॉन मिळतात. धूळ १५० केल्विनची असेल तर १९ मायक्रॉनला सगळ्यात जास्त चमकते, १०० केल्विनची असेल तर २९ ला. तिसरा, गॅसच्या ठरावीक रेषा, म्हणजे गॅस ठरावीक लांबीलाच सोडतो तो उजेड: हायड्रोजन रेणूची २.१२ मायक्रॉन, हायड्रोजन अणूच्या ब्रॅकेट गॅमाची २.१७ आणि पाशन अल्फाची १.८७५, आणि आपल्या कामाची सगळ्यात मोलाची म्हणजे आयनीभूत लोखंडाची १.६४४ मायक्रॉनची रेषा. लोखंड एरवी धुळीच्या कणांत अडकून बसलेलं असतं, जोराचा धक्का बसला की कण फुटतात आणि लोखंड गॅसमध्ये सुटतं, म्हणून ही रेषा जिथं चमकते तिथं वेगवान काहीतरी आदळतंय असा अंदाज बांधता येतो. चौथा, पीएएच, म्हणजे कार्बनचे मोठे सपाट रेणू, ३.३, ६.२, ७.७, ८.६ आणि ११.३ मायक्रॉनला उठून दिसतात. ऑक्सिजनवाली धूळ असेल तर सिलिकेटचे रुंद पट्टे १० आणि १८ मायक्रॉनच्या आसपास येतात. एनजीसी ६३०२ मध्ये मात्र पीएएच पण आहेत आणि सिलिकेट पण, त्यामुळं 'कार्बनवाला की ऑक्सिजनवाला' असं सरळ दोन खणांत टाकता येत नाही त्याला.

हायड्रोजन रेणूच्या २.१२ बद्दल एक सावधगिरी. ही रेषा धक्क्यानं पण चमकते आणि ताऱ्याच्या अल्ट्राव्हायोलेटनं पण चमकते. एनजीसी ७०२७ मध्ये बहुतेक अल्ट्राव्हायोलेटचं काम आहे, एग नेब्युलात धक्क्याचं. म्हणून २.१२ दिसलं की लगेच जेट म्हणायचं नाही.

आपल्या गच्चीवरून का जमत नाही

दरवेळी कोणतरी विचारतंच म्हणून. साध्या कॅमेऱ्याचा सिलिकॉन सेन्सर १.१ मायक्रॉनच्या पुढं आंधळा आहे. आतला इन्फ्रारेड फिल्टर काढून घेतला तर ०.९५ मायक्रॉनची गंधकाची रेषा मिळते, मोठ्या नेब्युल्यात ती चांगली जोरात असते आणि करून बघायला मजेशीर आहे, पण तो गॅस झाला, धूळ नव्हे. १० मायक्रॉनला तर विषयच संपला, कारण आपण, टेलिस्कोप, गच्ची, वरची हवा सगळं ३०० केल्विनच्या आसपास आणि ३०० केल्विनची वस्तू चमकते बरोबर ९.७ मायक्रॉनला. भर दुपारी मारुती गल्लीत उभं राहून लांबवर कुणाच्या हातातली टॉर्च चालू आहे का ते बघण्यातला प्रकार आहे तो. त्यात आपल्या हवेत पाणी किती, वाफ ह्या लांबींचा बराच उजेड गिळते. म्हणूनच वेबचा मिरी कॅमेरा ७ केल्विनच्या खाली थंड ठेवतात आणि तोही अंतराळात.

भारतात जवळच्या इन्फ्रारेडचं, म्हणजे साधारण २.५ मायक्रॉनपर्यंतचं काम होतं. माऊंट अबूला गुरुशिखरावर पीआरएलची (अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) १.२ मीटरची दुर्बीण आहे, लडाखात हानले इथं ४५०० मीटर उंचीवर २ मीटरची हिमालयन चंद्रा, ती चालवतात आपल्याच राज्यातून, बेंगळुरूजवळच्या होसकोट्याहून. नैनिताल जिल्ह्यात देवस्थळला ३.६ मीटरची आहे, तिच्यावरचा टिरकॅम-२ कॅमेरा ३.६ मायक्रॉनपर्यंत जातो, म्हणजे पीएएचची ३.३ ची खूण जमिनीवरून घेता येते. एमएस्सी फिजिक्स करणाऱ्या पोरांनी आपल्या सरांना धरून ह्या दुर्बिणींच्या प्रपोजलची चौकशी करायला हरकत नाही.

कुठला नेब्युला घ्यायचा

पहिल्यांदा करणाऱ्यानं तीनपैकी एक घ्यावा. जेट आणि परावर्तन यातला फरक शिकायचा असेल तर एग नेब्युला. लोखंडाची रेषा बघायची असेल तर एनजीसी ६३०२. धूळ बघायची असेल तर एनजीसी ३१३२, सदर्न रिंग, हा फार तरुण नाही पण वेबनं जुलै २०२२ मध्ये पहिल्या फोटोंत हाच दिला होता आणि त्याचा डेटा एकदम स्वच्छ आहे, शिकायला बरा.

आधी मोबाईलवरच बघून घ्या. ब्राउझरमध्ये अलादीन लाईट उघडायचं, नाव टाकायचं, डावीकडं सर्व्हे, म्हणजे वेगवेगळ्या दुर्बिणींनी काढलेले आभाळाचे फोटो, बदलायचे; टूमास, वाईज, स्पिट्झर सगळे येतात. इर्सा फाईंडर चार्ट पण असंच, एका पानावर सगळ्या लांबींचे छोटे फोटो ओळीनं लावून देतं. इथं एक गोष्ट ध्यानात येईल, वाईजच्या २२ मायक्रॉनच्या फोटोत एनजीसी ७०२७ आणि ६३०२ दोन्ही पार जळून गेलेत, मधे नुसता पांढरा गोळा. हे नेब्युले मिड-इन्फ्रारेडमध्ये इतके तेजस्वी आहेत की त्या ४० सेंटीमीटरच्या छोट्या दुर्बिणीचे पण डोळे दिपतात, शिवाय तिची २२ मायक्रॉनची बारीकी १२ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आणि ७०२७ चा मुख्य भाग जेमतेम तेवढाच. म्हणून तेजस्वी आणि लहान नेब्युल्यांसाठी वाईज सोडून द्या. फिक्या आणि पसरलेल्या गोष्टींसाठी मात्र ते उत्तम, एनजीसी १५१४ भोवतीची धुळीची दोन कडी वाईजनंच २०१० मध्ये दाखवली, ऑप्टिकलमध्ये त्यांचा पत्ताच नव्हता.

डेटा उतरवणं

हबल-वेबचा डेटा ठेवलेलं ठिकाण म्हणजे मास्ट आर्काइव्ह, तसं सर्च करा, पोर्टल उघडेल. नाव टाकायचं, मग डावीकडच्या फिल्टरमध्ये मिशन निवडायचं. सदर्न रिंगसाठी जेडब्ल्यूएसटी, प्रोग्रॅम नंबर २७३३, इन्स्ट्रुमेंट एकदा निअरकॅम (वेबचा जवळच्या इन्फ्रारेडचा कॅमेरा) आणि एकदा मिरी, कॅलिब्रेशन लेव्हल ३. फायली ढिगानं येतात त्यातली ज्याच्या नावाच्या शेवटी आयटूडी आहे तेवढीच घ्यायची, तीच सगळे तुकडे जोडून तयार झालेली. बाकीच्या कच्च्या आहेत, उगाच नेट संपवू नका. एग नेब्युलासाठी मिशन एचएसटी, इन्स्ट्रुमेंट निकमॉस (हबलचा जुना इन्फ्रारेड कॅमेरा), फिल्टर एफ२१२एन आणि एफ२१५एन, शेवटी एमओएस असलेली फाईल मिळाली तर ती, नाहीतर सीएएल. ६३०२ साठी हबलच्याच डब्ल्यूएफसी३ कॅमेऱ्याचा आयआर चॅनेल, एफ१६४एन आणि एफ१६७एन शोधा, फाईल डीआरझेडवाली.

आता नेटचा प्रश्न. निअरकॅमच्या फायली जड असतात, काही तर जीबीच्या घरात जातात, आणि पावसात आमच्याकडं लाईट कधी जाईल आणि टॉवर कधी झोपेल याचा नेम नाही, डाऊनलोड ९० टक्क्यांवर येऊन मेलं की डोकं फिरतं. त्यावर उपाय म्हणजे गूगल कोलॅब. ब्राउझरमध्ये पायथनचं पान उघडतं, त्यात अ‍ॅस्ट्रोक्वेरी नावाची लायब्ररी टाकायची आणि मास्टवरून फाईल थेट गूगलच्या मशीनवर उतरवायची, तुमच्या डेटा पॅकमधून फक्त शेवटचा छोटा फोटो जातो. खेड्यातल्या पोरांनी तर हाच मार्ग धरावा, साध्या फोनवर पण चालतो. उतरवलेली फाईल लगेच ड्राइव्हमध्ये कॉपी करून ठेवा, कारण कोलॅब बंद पडलं की तिथलं सगळं जातं. कोड येत नाही म्हणून घाबरू नका, अ‍ॅस्ट्रोपायच्या साईटवर नमुने आहेत, चार-पाच ओळी कॉपी करून फक्त नाव बदलायचं असतं. कोडच नको असेल तर लॅपटॉपवर डीएस९ हे असल्या फायली उघडायचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, आणि मिरी किंवा निकमॉसपासून सुरू करा, त्या फायली हलक्या.

उघडल्यावर

डीएस९ मध्ये फाईल उघडली की पहिल्यांदा सगळं काळं दिसतं, मधे एखादा पांढरा ठिपका. घाबरायचं नाही, स्केल मेनूत लॉग किंवा असिन्ह करा आणि हद्द ९९.५ टक्के ठेवा, नेब्युला उठून येतो. वेबच्या फाईलमध्ये आत बरीच पानं असतात, साय म्हणजे फोटो, ईआरआर म्हणजे चूक किती, बाकी वजनं वगैरे, आपल्याला साय पाहिजे. तेजस्वी ताऱ्यांच्या मधे काळं भोक दिसलं तर ते भोक नाही, तिथं पिक्सेल भरून ओसंडला म्हणून पाईपलाईननं किंमत काढून टाकलीय.

मग काटे. वेबच्या प्रत्येक तेजस्वी ताऱ्याला सहा मोठे आणि दोन लहान काटे असतात, हबलच्या ताऱ्याला चार. हे दुर्बिणीच्या आरशाच्या आणि दांड्यांच्या आकारामुळं येतात. फोटोतल्या सगळ्या ताऱ्यांचे काटे एकाच दिशेला असतात, एवढी एक खूण पुरे. जेट कधी बाजूच्या ताऱ्याच्या काट्याला समांतर नेमका जाणार नाही असं नाही, पण गेलाच तर आधी काट्यावर संशय घ्यायचा.

निकमॉस वापरणाऱ्यांसाठी: फोटोचे चार चौकोन किंचित वेगळ्या उजेडाचे दिसतात, कोपरे उजळलेले असतात आणि एका ठिकाणी छोटा गोल डाग असतो. चौकोन आणि कोपरे इलेक्ट्रॉनिक्समुळं, डाग म्हणजे कॅमेऱ्यात मुद्दाम ठेवलेलं कोरोनाग्राफचं, म्हणजे तेजस्वी तारा झाकायचं, छिद्र. नेब्युल्याशी ह्यांचा काही संबंध नाही.

वजाबाकी, इथं खरी मजा

एफ२१२एन फिल्टरमधून हायड्रोजन रेणूची रेषा येते पण तिच्यासोबत ताऱ्याचा आणि परावर्तित उजेडही येतो. एफ२१५एन शेजारचाच आहे, त्यात ती रेषा नाही, फक्त बाकीचा उजेड. म्हणजे पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतो तो रेणूंचा उजेड. ऐकायला सोपं, पण दोन फिल्टरची रुंदी आणि ग्रहणक्षमता वेगळी म्हणून सरळ वजा करून चालत नाही, दुसऱ्याला एका आकड्यानं गुणायला लागतं. तो आकडा काढायला दोन्ही फायलींच्या हेडरमध्ये फोटएफएनयू असं लिहिलेलं सापडेल, २१५ ची किंमत भागिले २१२ ची किंमत, हा सुरुवातीचा गुणक. मग फोटोतला एखादा साधा तारा धरा, ज्याचा नेब्युल्याशी संबंध नाही असा, आणि गुणक थोडा वर-खाली करत बघा तो तारा नाहीसा होतो का. पूर्ण कधीच जात नाही, मधे बारीक काळं-पांढरं कडं राहतं, ते चालतं. पण ताऱ्याच्या जागी काळा खड्डा पडला तर जास्त वजा झालं, पांढरा गोळा राहिला तर कमी.

वजाबाकी करायची ती मूळ आकड्यांवर. लॉग किंवा असिन्ह लावलेल्या जेपीजीवर गिंपमध्ये लेअर वजा करून काही अर्थ निघत नाही, कारण स्ट्रेचमध्ये आकड्यांचं प्रमाणच बिघडलेलं असतं. कोलॅबमध्ये दोन ओळींचं काम आहे, सिरिल ह्या फोटो-प्रोसेसिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पिक्सेल मॅथ नावाचं खिडकीतलं साधन आहे, त्यात पण होतं. दोन्ही फोटो पिक्सेलला पिक्सेल जुळलेले पाहिजेत, एकाच भेटीत काढलेले असले की बहुतेक जुळतात, नाहीतर पायथनची रिप्रोजेक्ट लायब्ररी एकाला दुसऱ्याच्या जाळीवर बसवून देते.

आता एग नेब्युलावर हे केल्यावर काय होतं ते नीट बघा. वजा करायच्या आधी मधे काळा पट्टा, दोन्ही बाजूंना उजेडाचे पंख, आणि पंखातून बाहेर जाणारे सर्चलाईटचे झोत. कुणालाही हे झोत जेट वाटणारच, इतके सरळ आहेत. वजा केल्यावर झोत गायब! कारण ते जेट नाहीतच, मधल्या धुळीच्या कड्यात जिथं फटी आहेत तिथून ताऱ्याचा उजेड निसटतो आणि बाहेरच्या धुळीवर पडतो, तोच आपल्याला दिसतो. पंखांचा उजेड खूप पोलराईज्ड आहे, म्हणजे त्याच्या लहरी बहुतेक एकाच दिशेत हलतात, तेही परावर्तनाचंच लक्षण. आणि मागं काय उरतं? चार ठिकाणी गाठी. दोन वर-खाली पंखांच्या टोकांकडं, त्या अपेक्षितच होत्या, पण दोन आडव्या, काळ्या पट्ट्याच्या दिशेनंच पूर्व-पश्चिम बाहेर गेलेल्या. तिथं काही असायचं कारण नव्हतं, दाट धूळ असलेल्या बाजूनंच कुणीतरी धडक मारून बाहेर पडलंय. १९९७ च्या निकमॉसच्या पहिल्या फोटोंत हे दिसलं तेव्हापासून त्याच्यावर चर्चा चालू आहे. तुमच्या स्क्रीनवर हा चौकडा दिसला की समजायचं वजाबाकी जमली.

एनजीसी ६३०२ वर हीच कृती एफ१६४एन आणि एफ१६७एन वापरून. गुणकाची पद्धत तीच. जून २०२० मध्ये हबलचे ह्या नेब्युल्याचे नवीन फोटो प्रसिद्ध झाले त्यात लोखंडाचा उजेड एस आकारात आलाय, आणि तो पंखांच्या मधोमध जात नाही, तिरका जातो. म्हणजे आत्ताचा वेगवान वारा पंख बनले त्या दिशेनं वाहत नाही, दिशा बदललीय. असा दोन्ही बाजूंना उलटसुलट जुळणारा आकार दिसला तर जेटची शक्यता धरायची. एकाच बाजूला रेघ दिसली तर अजून पुरावा लागतो.

तिथं अजून खोल जायचं असेल तर वेबच्या मिरीचा ६३०२ चा क्यूब उतरवा, शेवटी एस३डी असलेली फाईल. हा फोटो नाही, फोटोंची थप्पी आहे, प्रत्येक पानाची लांबी किंचित वेगळी. डीएस९ मध्ये उघडलं की एक सरकपट्टी येते, ती सरकवत ५.३४ मायक्रॉनच्या आसपास जा, लोखंडाची दुसरी रेषा. त्या पानातून दोन्ही शेजारच्या रेषा नसलेल्या पानांची सरासरी वजा करा. २०२५ मध्ये ह्याच डेटावरून लोखंड आणि निकेलचे विरुद्ध दिशांना जाणारे दोन जेट दाखवले गेले, आणि मधल्या धुळीच्या कड्यात क्वार्ट्झसारखे स्फटिक सिलिकेट पण सापडले. इथं वजाबाकी फोटोच्या मानानं सोपी पडते कारण शेजारचं पान अगदी चिकटून असतं आणि गुणकाची कटकट नाही.

धूळ

सदर्न रिंगचे मिरीचे चार फिल्टर आहेत, एफ७७०डब्ल्यू, एफ११३०डब्ल्यू, एफ१२८०डब्ल्यू आणि एफ१८००डब्ल्यू. नावातले पहिले आकडे भागिले शंभर केले की मायक्रॉन. ७.७ आणि ११.३ पीएएचसाठी, पण ७.७ च्या रुंद फिल्टरात हायड्रोजन रेणूच्या रेषा पण शिरतात. १२.८ मध्ये निऑनची जोरदार रेषा आहे. १८ मध्ये उबदार धूळ, पण सोबत १८.७ ची गंधकाची रेषा. म्हणून १८ चा फोटो उघडून 'ही बघा सगळी धूळ' म्हणणं घाईचं होईल. आणि १८ भागिले १२.८ करून धुळीचं तापमान काढलं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, त्यानं निऑन आणि गंधक मोजलंय.

भागाकार करायचाच तर ११.३ ला ७.७ नं भागून बघा, कुठं प्रमाण बदलतंय त्याचा नकाशा मिळतो आणि नुसत्या फोटोत न दिसणारे पट्टे त्यात उठतात. भागायच्या आधी दोन्ही फोटोंची बारीकी सारखी करायला लागते. ६.५ मीटरच्या आरशाला २.१२ मायक्रॉनला ०.०७ आर्कसेकंदाचं दिसतं आणि १८ ला जवळजवळ ०.६, म्हणजे आठपटीहून जास्त फरक. जो जास्त स्पष्ट आहे त्याला गॉसियननं पुसट करून दुसऱ्याच्या पातळीला आणायचं, नाहीतर प्रत्येक ताऱ्याभोवती खोटं कडं येतं आणि आपण त्याला धुळीचं कवच समजतो. शिवाय आभाळाचा मागचा उजेड आधी वजा करा, कोपऱ्यातला रिकामा चौकोन धरून त्याचा मीडियन काढला की झालं. मिरीत १८ ला हा मागचा उजेड चांगलाच असतो, तो ठेवून भागलं तर बाहेरच्या फिक्या भागात सगळं प्रमाण एकसारखंच येतं.

खरी धूळ बघायची तर मधे झूम करा. ७.७ आणि १८ दोन्ही डीएस९ मध्ये वेगवेगळ्या फ्रेममध्ये उघडा, फ्रेम मेनूतून डब्ल्यूसीएसवर, म्हणजे आभाळातल्या जागेवर, मॅच करा, आणि ब्लिंक चालू करा. मधोमध दोन तारे आहेत, एकमेकांपासून १.७ आर्कसेकंदावर. साध्या उजेडात एकच ढळढळीत दिसतो आणि तो नेब्युल्याचा बाप नाहीच, नुसता जोडीदार. जसजसे लांब लहरींकडं जाल तसा तो फिका पडत जातो आणि शेजारचा, जो आधी जेमतेम दिसत होता, तो टिकून राहतो, कारण त्याच्याभोवती धूळ आहे आणि ती धूळ तापून चमकतेय. इतका तापलेला पांढरा बटू, म्हणजे ताऱ्याचा उघडा पडलेला गाभा, १८ मायक्रॉनला दिसायचं एरवी काही कारण नाही. डिसेंबर २०२२ च्या पेपरात ह्यावरूनच तिथं धुळीची चकती आहे आणि दोनापेक्षा जास्त तारे ह्या भानगडीत होते असं मांडलंय. ब्लिंक करताना हे बघायला मिळालं की बाकीचा नेब्युला क्षणभर विसरायला होतं.

रंग

आता द्या रंग. साधा नियम, लहान लांबी निळी, लांब लाल. पण आपण वजाबाकी करून ठेवलीय तर त्याचा उपयोग करा: परावर्तित धूळ निळी, हायड्रोजन रेणू लाल, लोखंड असेल तर पिवळट किंवा हिरवं. प्रत्येक थर वेगळा स्ट्रेच करा, जेटचा थर सगळ्यात फिका असतो म्हणून त्याला जास्त उचलायला लागतं, पण इतकं नाही की नॉईजचे दाणे वर येतील. दाणे दिसले की थांबा. मधला तारा जळू दिला तरी चालतो, त्याला वाचवायच्या नादात पंख मरतात. गिंपमध्ये लेअर मोड स्क्रीन ठेवून तिन्ही एकावर एक टाकले की काम होतं, शार्पन मात्र हात लावू नका, त्यानं वजाबाकीच्या कड्यांचे खोटे धागे बनतात आणि ते धागेच लोकांना जास्त आवडतात ही अडचण.

कुठंही टाकताना खाली दुर्बीण, कॅमेरा, प्रोग्रॅम नंबर, कुठल्या फिल्टरला कुठला रंग, कशातून काय वजा केलं आणि गुणक किती, आणि उत्तर दिशा कुठली एवढं लिहा. वेबच्या आयटूडी फोटोत उत्तर वरच असते असं नाही, डीएस९ मध्ये उत्तरेची खूण चालू करून बघून घ्या.

हे तीन झाले की ऑक्टोबरात आभाळ उघडल्यावर संध्याकाळी हंसात एनजीसी ७०२७ शोधा, उत्तरेकडं तोंड केलं की चांगला ६० अंशांच्या वर असतो, छोट्या टेलिस्कोपमध्ये पण हिरवट-निळसर फुगीर ताऱ्यासारखा सापडतो. त्याचाही निकमॉसचा डेटा मास्टवर आहे, आणि तिथं वजाबाकीनंतर चौकडा येत नाही, दोन एकमेकांत अडकलेली कडी येतात.